साडेतीन पेरं

शाळेच्या डायरीत टीचरने लाल शाईने लिहिलंय:
केस स्वच्छ करून पाठवावे.
खाली पालकाची सही हवी.
मी आधी सही केली, मग नेत्राला
मागच्या पायरीवर उन्हात बसवलं,
जिथली फरशी खाणीची धूळ पुसून पुसूनही
अजून तांबूसच आहे.

उवा दोन रविवारांत गेल्या.
त्या पळतात, म्हणून सापडतात.
लीख पळत नाही. बसून राहते
केसाच्या एकाच अंगाला, तिरकी,
सरस लावून डकवल्यासारखी.
फणी तिच्यावरून निघून जाते,
कुडचड्याची बस आमचा थांबा सोडून जाते तशी.

पिएदादबाय गडग्यावरून बाटली देते,
माडाचं विनागर, गेल्या वर्षीचं.
"अर्धा तास ठेव. सरस सुटतो.
आणि रॉकेल लावलंस तर माझ्याशी गाठ आहे."
पोरीच्या डोक्याला लोणच्याचा वास.
ती म्हणते, "पपा, हांव आतां बांगडो."

सोळा वर्षं मी खाणीवर सॅम्पल घेतले.
ढिगातून मूठ, मुठीतून चिमूट,
आणि चिमटीवरून सांगायचं
अख्ख्या बार्जमधला माल कसा आहे.
खाण बंद पडली तसे हे डोळे
पेट्रोल पंपावरचे आकडे बघत बसले.
आज त्यांना पुन्हा काम मिळालं.

अंगठा आणि तर्जनी. दोन नखांमधे एकच केस.
मुळापासून टोकापर्यंत ओढत न्यायची,
दोऱ्यातून मणी काढावा तशी.
मग नखावर नख.
भरलेली टच्‌ वाजते.
रिकामी वाजत नाही.

"हळू काड मरे, दुखता."
हळूच काढतोय.
"आई अशें वोडिनाशिल्ली."
एकोणीस. वीस.

सुलक्षा मस्कतहून व्हिडिओवर येते
तिच्या म्हातारीचा डोळा लागला की.
तिथे रोज ती त्या बाईचे केस विंचरते,
विरळ, मेंदी लावलेले,
गुंता नसतानाही अर्धा तास.
"कानामागे बघ. मानेवर बघ. फोन जवळ ने. आणखी."
पडद्यावर तिला काय दिसत असेल,
एक जाडं बोट आणि काळोख.
"मुळाजवळच्या आधी काढ, त्या जिवंत.
लांबच्या फुटून गेलेल्या, त्यांना घाई नाही.
केस महिन्याला अर्धं पेर वाढतो.
मोजून बघ, कधीची ते कळतं."

हे तिनेच सांगितलं मला.

उजव्या कानामागे एक मिळाली,
पांढरी, पोकळ, पार खाली उतरलेली.
मी तर्जनी लावली.
एक पेर, दोन, तीन, आणि अर्धं.
सात महिने.
नोव्हेंबरपासून मी उलटा चालत गेलो,
चवथीच्या पलीकडे, आषाढाच्या पलीकडे,
दाबोळीच्या त्या काचेच्या दरवाज्याच्याही पलीकडे
एप्रिलमधल्या त्या आठवड्यात,
जेव्हा आम्ही बॅग पुन्हा पुन्हा काट्यावर ठेवत होतो,
हे काढ, ते राहू दे,
आणि ही पोर कोपऱ्यात डोकं खाजवत होती
आणि आम्ही दोघंही म्हणालो होतो, घाम आहे.

"काय मिळालं?" सुलक्षाने विचारलं.
काही नाही, म्हटलं. कोंडा.

नखावर घेतली. दाबली.
वाजली नाही, हे माहीतच होतं.
तरी मी कान दिला.

फोन बंद झाल्यावर नेत्रा उठली,
गुडघे झटकले, मला वरून खाली पाहिलं.
शुक्रवारपासून माझंही डोकं खाजतंय,
ते कुणाला सांगितलं नव्हतं.
"बस," ती म्हणाली. मी खालच्या पायरीवर बसलो.
दोन लहान नखं माझ्या डोक्यात शिरली,
थांबली,
मग वैतागली:
"पपा, तुजे केंसच धवे.
लिखा खंयच्यो आनी तूं खंयचो,
म्हाका कशें कळटलें?"